आधी सुई बदला

४ फेब्रुवारी

बॉबिन,

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, हे पत्र मी तुला पाठवणार नाही. तेव्हा उगाच हुरळून जाऊ नकोस. दोन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, मी तुझ्याशी बोलत नाही, आणि "आधी कोण बोलणार" या खेळात आपल्या घरात आजवर कुणी हरलेलं नाही. पण आई रोज सकाळी चहाचा कप माझ्यासमोर आपटते आणि विचारते, "तिला फोन केलास का?" आजपासून मला म्हणता येईल, "पत्र लिहितोय." यात खोटं काही नाही.

दुकान बरं चाललंय. शिलाई मशीनं अजून बिघडतात, देवाची कृपा. बाबांची खुर्ची खिडकीपाशीच आहे, तिच्यावर मी बसत नाही, सुट्या भागांचे डबे ठेवतो.

आणि बाबांच्या साइटचं म्हणशील, तर ती आता मी चालवतो. हो, मीच. ज्याला तू "दादा, माउस उलटा धरलायस" म्हणाली होतीस, तोच. आपल्या वरच्या मजल्यावर ग्रंथपालबाई राहतात ना, त्या निवृत्त झाल्या. आयुष्यभर लोकांना "शांतता राखा" सांगितल्यावर आता त्यांना कुणाला तरी काहीतरी शिकवायचं होतं, आणि मी जिन्यात सापडलो. त्यांनी मला स्टॅटिक साइट जनरेटर शिकवला. मला आधी वाटलं, लाइट गेल्यावर लावायचं काहीतरी असेल. मी विचारलंही, "डिझेलवर चालतो का?" त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता तुला रागच येणार आहे तर पुरता येऊ दे. तू बाबांसाठी बनवलेली साइट, ती तुमची कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे मापाचे कपडे शिवणारं दुकान. गिऱ्हाईक दारात आलं की आत पळापळ. डेटाबेसच्या कपाटातून कापड काढा, कापा, शिवा, इस्त्री करा, हातात द्या. पाठोपाठ दुसरं गिऱ्हाईक तोच सदरा मागायला आलं की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कपाटाला कुलूप, कुलपाला किल्ली, किल्लीला पासवर्ड, आणि दर आठवड्याला कुणीतरी सांगणार की कुलूप जुनं झालं. माझं काम रेडिमेडचं. दोनशे बारा पानं एकदाच शिवायची आणि हँगरला टांगून ठेवायची. ज्याला हवं त्याने काढून न्यावं. मागे कपाटच नाही, मग चोर येऊन फोडणार काय? सगळी साइट दीड सेकंदात शिवून होते. दीड! मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलंय.

कामही सोपं. "पानं" नावाचं एक फोल्डर आहे. त्यात साधी मजकुराची फाइल ठेवायची आणि बाईंनी करून दिलेलं "चढव" हे बटण दाबायचं. संपलं. पुढचं सगळं यंत्र करतं, त्यामुळे साइट उघडून बघायचीसुद्धा गरज पडत नाही. हे पत्रही मी तसंच टाइप करतोय, कारण दुसरीकडे कुठे लिहायचं ते मला येत नाही. फक्त पत्रासाठी आत वेगळं फोल्डर केलंय आणि त्याला ठसठशीत नाव दिलंय, "खाजगी". म्हणजे कुणी उघडायला नको.

आणि हो, तुझ्या साइटवरून माझ्या साइटवर येताना बाबांचं काही म्हणता काही हरवलेलं नाही. सुईसुद्धा नाही.

बाकी तक्रारी नेहमीच्याच. शेजारच्या बेकरीवाल्याने माझी शिडी नेली त्याला आठ महिने झाले. मागितली की म्हणतो "आत्ताच आणतो", जसा काही मी चिमूटभर मीठ मागतोय. कोपऱ्यावरचे शिंपी मास्तर अजूनही मशीनला तेल घालत नाहीत आणि मशीन अडलं की कंपनीला शिव्या घालतात. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्यांच्या मशीनची दया येते.

पुरे. पाठवायचं नसलेलं पत्र फार लांबवू नये.

दादा

१९ फेब्रुवारी

बॉबिन,

जगात चमत्कार होतात. शिडी परत आली.

बेकरीवाला स्वतः घेऊन आला, तीही धुऊन पुसून, सोबत बिस्किटांचा डबा. शिडी भिंतीला लावली आणि घसा खाकरून म्हणाला, "आठ महिने नाही हो, साडेसहा." मी म्हटलं, "असेल." तो गेल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो की आठ महिने हे मी कुणापाशी बोललो होतो. आठवेना. बिस्किटं चांगली होती.

त्याच आठवड्यात मास्तर आले. मशीन काउंटरवर ठेवलं तर खाली तेलाचं तळं. म्हणाले, "बघा. आता कुणी म्हणू नये की हा माणूस तेल घालत नाही." त्यांनी चार महिन्यांचं तेल एका दिवसात घातलं होतं आणि एका नवरदेवाच्या पांढऱ्या कोटावर त्याचा नकाशा उमटला होता. वर म्हणतात, "जरा टेन्शन पण बघा." मी म्हटलं, "मशीनचं की तुमचं?" हा विनोद बाबा करायचे. मास्तर तेव्हाही हसायचे नाहीत.

आईचं सांगायचं म्हणजे, वीस एप्रिलला ती पंचाहत्तर वर्षांची होते. मी विचारलं, तुला काय आणू? तिने चष्मा काढून पदराने पुसला, म्हणजे आता काहीतरी ऐकावं लागणार हे मी ओळखलं. म्हणाली, "मला काही आणू नकोस. मला माझी दोन्ही मुलं एका टेबलाशी बसलेली हवीत. भांडत असली तरी चालतील, गप्प नकोत." आणि उठून कुकर लावायला गेली. उत्तराची वाट बघायची तिला सवय नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात वीस एप्रिल फिरतोय. तुला बोलावायचं तर आधी बोलावं लागणार, आणि बोलायचं तर त्या फोनबद्दल बोलावं लागणार.

तुला आठवतं ना ते सगळं? बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या वह्यांतलं सगळं ज्ञान तू ते असतानाच पान पान करून साइटवर चढवलं होतंस. आणि एका सकाळी "मशीनला कोणतं तेल घालावं" या पानावर टकलावर केस उगवणाऱ्या औषधाची जाहिरात आली. कुणीतरी आत घुसलं होतं. दिवसभर फोन. एक गृहस्थ विचारतात, "हे तेल रात्री लावायचं की सकाळी?" मी म्हटलं, "मशीनला? सकाळी." ते म्हणाले, "नाही हो, डोक्याला." आज हसू येतं. त्या दिवशी मला दिसत होतं ते एवढंच, की बाबांच्या नावाखाली टकलाची जाहिरात लागली आहे.

मग मी तुला फोन केला आणि जे बोललो ते बोललो. रागाच्या भरात माणूस बोलून जातो. तूही काही कमी नव्हतीस, तू फोन ठेवलास.

असो. मशीनच्या दोऱ्याचं टेन्शन सैल केलंय. मास्तरांचं आहे तसंच आहे.

दादा

११ मार्च

बॉबिन,

गावात काहीतरी शिजतंय आणि मला सोडून सगळ्यांना त्याचा वास येतोय.

परवा एक अनोळखी बाई पायमशीनचा पट्टा बदलून घ्यायला आल्या. मी पट्टा कापतोय, तर सहज विचारतात, "मग, केलात का बहिणीला फोन?" माझ्या हातून पट्टा चार बोटं आखूड कापला गेला. काल पोस्टमनने पाकीट देताना खांद्यावर हात ठेवला. तो माणूस वीस वर्षांत माझ्याशी "सही करा" यापलीकडे बोललेला नाही.

माझा संशय ग्रंथपालबाईंवर गेला. जिना चढून गेलो आणि सरळ विचारलं, "तुम्ही लोकांना आमच्या घरातलं सांगता का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याकडे बघतात. "मी कशाला सांगू? सगळ्यांना माहीतच आहे. धाडस आहे हो तुमचं, मला नसतं जमलं." आणि दार लावून घेतलं. कसलं धाडस? मी पट्टा आखूड कापला ते?

पण आज लिहायला बसलोय ते याच्यासाठी नाही. आज दुपारी एक फोन आला. खूप लांबून, आवाज तुटत होता. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या आजीचं जुनं हातमशीन आहे, चाक अडकलंय. सात वर्षांपूर्वी असंच अडकलं होतं तेव्हा त्यांनी आपल्या साइटवर त्या मशीनच्या पानाखाली प्रश्न लिहिला होता, आणि बाबांनी तिथेच उत्तर दिलं होतं. अकरा ओळींचं. आधी काय सैल करायचं, मग कुठे लाकडी हातोडीने टकटक करायचं, किती वेळ थांबायचं. म्हणाल्या, "पान आहे हो, पण खालचं उत्तर दिसत नाही. तुमच्याकडे असेलच ना?"

मी म्हटलं, "शोधून कळवतो."

बॉबिन, माझ्याकडे नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं की सुईसुद्धा हरवली नाही, ते खोटं होतं. पाठवायच्या नसलेल्या पत्रातही मी खोटं लिहिलं, यावरून ओळख माझी काय अवस्था असेल.

आता सगळं सांगतो. तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "दादा, दोन तासांत नीट करते, माझ्याकडे बॅकअप आहे, तू काही पुसू नकोस." मी ऐकलं नाही आणि संध्याकाळपर्यंत जुनी साइट कायमची बंद करून टाकली. त्याआधी पानं उतरवून घेतली, दोनशे बारा. पानांखालच्या कमेंट्स घेतल्या नाहीत. मला वाटलं ती लोकांची बडबड आहे. त्या बडबडीत बाबांची उत्तरं होती. रोज दुपारी जेवण झालं की चष्मा कपाळावर चढवून एका बोटाने टाइप करत बसायचे ते. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच, "आधी सुई बदला." निम्मी मशीनं तेवढ्यानेच नीट व्हायची. वह्यांत त्यांनी यंत्रांबद्दल लिहिलं. माणसांशी ते बोलले फक्त तिथे. ते मी घालवलं.

आणखी आहे. तू मला तीनदा लिहिलं होतंस की साइटचे अपडेट करत जा. मी ती पत्रं उघडली नाहीत, विषय इंग्रजीत होता. साइटच्या आत गेलं की कोपऱ्यात लाल गोळ्यात एक आकडा दिसायचा. आधी तीन होता, मग नऊ, मग सत्तावीस. मला वाटलं ती लोकांची शाबासकी आहे. आकडा वाढला की मी आईला सांगायचो, "बाबांना सत्तावीस मिळाले." ती सत्तावीस कुलपं गंजली होती. चोर तिथूनच आत आला असणार आणि मी खापर तुझ्यावर फोडलं.

आणि त्याच फोनवर मी तुला म्हणालो, "हे दुकान माझं आहे, बाबा माझ्याजवळ होते, तू इथली पाहूणी आहेस." हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

आधी सुई बदलायची असते. मी सरळ मशीन उघडलं. आता वाटीभर स्क्रू घेऊन बसलोय आणि ते कुठले आहेत ते मला आठवत नाही. तुझ्याकडे तो बॅकअप अजून असेल का, हे विचारायला फोन उचलतो आणि खाली ठेवतो. दोन वर्षं अपमान गिळल्यावर कोण जपून ठेवेल? मी असतो तर रागाने पुसला असता. मी तर काही न गिळताच सगळी साइट पुसली.

बरं झालं हे पाठवायचं नाही. नाहीतर लिहिताच आलं नसतं.

दादा

१२ मार्च

बॉबिन,

मी मेलो.

सकाळी आई चष्मा लावून मोबाइलमध्ये बघत होती. मी चहा घेत होतो. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पाहुणीतला 'हु' पहिला. बोललास ते चुकीचं आणि लिहिलंस तेही चुकीचंच."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "तू काय वाचतेयस?"

"तुझं पत्र."

"ते खाजगी आहे!"

"हो ना. तसंच लिहिलंय वर. मशीनं, सुया, पट्टे, तेल, खाजगी."

धावत दुकानात गेलो आणि महिन्यात पहिल्यांदा स्वतःची साइट उघडून बघितली. आई म्हणाली तस्सं. वर पाच दारं, आणि पाचव्या दारावर मोठ्या अक्षरांत खाजगी. आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीवर अशी पाटी लागली असती तर मीसुद्धा कामधाम सोडून आत डोकावलो असतो. बेकरीवाल्याने डोकावलं, मास्तरांनी डोकावलं, पट्ट्यावाल्या बाईंनी, पोस्टमनने. अख्ख्या गावाने माझी पत्रं वाचली आणि एकाने, फक्त एकाने, शिडी परत केली.

ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पानंमध्ये जे ठेवाल ते छापलं जाईल. यंत्राला अक्षरं दिसतात हो, अर्थ नाही. खाजगी काय आणि सुया काय, त्याला दोन्ही नावंच." मी विचारलं, मग बहिणीच्या सिस्टिममध्ये असं झालं असतं का? म्हणाल्या, "नाही. तिथे लिहिलेलं आधी मसुदा म्हणून आतच राहतं. प्रकाशित करा म्हटल्याशिवाय बाहेर जात नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या सिस्टिमची आठवण काढून हळहळलो. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही मुद्दामच करताय. म्हणून तर धाडस म्हटलं."

खाली आलो आणि ते फोल्डर पुसायला बसलो. आई मागे येऊन उभी होती. म्हणाली, "मागच्या वेळी रागात पुसलंस तेव्हा काय झालं?"

मी हात मागे घेतला.

तर आता हे पत्र मी डोळे उघडे ठेवून लिहितोय. तू वाचतेस की नाही ते मला माहीत नाही. पण बेकरीवाला वाचतो म्हटल्यावर तू वाचलंस तर बिघडलं कुठे? बेकरीवाले, साडेसहा महिने हे मला मान्य आहे. मास्तर, तेल रोज दोन थेंब, बस्स.

बॉबिन, बाबांनी तुला हे नाव ठेवलं कारण तू लहानपणी टेबलाखाली लपून गरगर फिरायचीस. आणि मला ते म्हणायचे, तू वरचा दोरा, सगळ्यांना दिसतोस म्हणून मिजास करतोस. पण खालून बॉबिनचा दोरा आला नाही तर एक टाका पडणार नाही. मी दोन वर्षं कापडाला नुसती भोकं पाडतोय. मी चुकलो. मला माफ कर. ते दुकान जितकं माझं तितकंच तुझं आहे, आणि हे मी अख्ख्या गावासमोर लिहून देतोय, म्हणजे मागाहून मला फिरता येणार नाही.

बॅकअप नसला तरी ये. वीस एप्रिलला. आईला भांडणारी मुलं हवी आहेत.

आता चढव दाबतो.

तुझा दादा

१८ मार्च

दादा,

तुझं पहिलं पत्र, जे तू मला पाठवणार नव्हतास, ते तू बटण दाबल्यावर चार सेकंदांत माझ्याकडे आलं. बाबांच्या साइटवर नवं पान चढलं की मला कळतं. जुन्या साइटला ती सोय मीच लावली होती, नव्या साइटलाही ग्रंथपालबाईंकडून लावून घेतली. अरे, मी तुझ्यावर रुसले होते, बाबांच्या साइटवर नाही. "खाजगी" नावाचं पान आलं तेव्हा वाटलं पुन्हा कुणीतरी आत घुसलं. मग वाचलं, "देवाची कृपा", आणि म्हटलं, चोर इतका बडबड्या नसतो.

सगळी पत्रं मी ऑफिसात वाचली. पट्टा आखूड कापलास तिथे मोठ्याने हसले. पुढचं वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले. सहा दिवस उत्तर दिलं नाही कारण काम करत होते, ते खाली सांगते.

तुझ्या रेडिमेडच्या दुकानाबद्दल एकच बोलते. रेडिमेड झटपट मिळतं, खरंय. पण खिशात काही विसरलं की ते तसंच गिऱ्हाइकाच्या घरी जातं. मापाचे कपडे शिवणारा देण्याआधी खिसे तपासतो.

आता माझं. ते सत्तावीस अपडेट तू केले नाहीस, बरोबर. पण चोर तिथून आला नव्हता. साइटचा पासवर्ड मी "सुई१२३" ठेवला होता. दार कुणी फोडलं नाही, मीच ते लोटून ठेवलं होतं. मला त्याच दिवशी कळलं. तू इतका ओरडत होतास की सांगावंसं वाटलं नाही, आणि मग तू पाहुणी म्हणालास, त्यानंतर तर मुळीच सांगायचं नाही असं ठरवलं. म्हणजे दोन वर्षं मी निम्मी तुझ्यावर रागावले होते आणि निम्मी स्वतःवर. हिशेब तुझ्या नावावर मांडला, ते सोपं होतं.

बॅकअप आहे. तो कोण पुसेल? एक हजार सहाशे चौतीस कमेंट्स आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाबांच्या. तुझ्या यंत्राला डेटाबेस पचत नाही म्हणून सहा दिवस बसून एकेकीची साधी फाइल केली. जी ज्या पानाखाली होती तिथेच बसेल. हातमशीनवाल्या बाईंच्या अकरा ओळीही आहेत. सगळं मिळून एक बदल म्हणून तुझ्याकडे पाठवलाय. तुला दोन बटणं दिसतील, "स्वीकारा" आणि "नाकारा". कुठलं दाबतोस ते मला इथून दिसतं, तेव्हा जपून.

"खाजगी"तली पत्रं मी हलवलेली नाहीत. फक्त अकरा मार्चच्या पत्राखाली बाबांची एक कमेंट आणून ठेवली आहे. तुझ्यासाठी लिहिलेली नव्हती. पण राहू दे तिथे.

वीस एप्रिलला येते. आणि पाहुणी म्हणूनच येणार आहे, कारण पाहुणीला भांडी घासावी लागत नाहीत.

बॉबिन

१८ मार्च, संध्याकाळी

बॉबिन,

दाबलं. तुला दिसलंच असेल. दाबताना आई, ग्रंथपालबाई आणि बेकरीवाला मागे उभे होते. बेकरीवाल्याला कुणी बोलावलं होतं मला माहीत नाही. आपल्या घरात आता खाजगी असं काही राहिलेलं नाही.

आधी हातमशीनवाल्या बाईंना फोन करून अकरा ओळी वाचून दाखवल्या. पहिली ओळ वाचायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आधी सुई बदला, हो ना?" मग अकरा मार्चचं पत्र उघडलं आणि खाली गेलो. कुणीतरी कधीकाळी विचारलं होतं, "मशीन उघडून बसलो, आता जोडता येत नाही, वर चार स्क्रू उरलेत. दुकानात आणायची लाज वाटते, काय करू?" आणि त्याखाली बाबा:

"आधी सुई बदला, हे आता तुम्हाला पुढच्या वेळी उपयोगी. उरलेले स्क्रू वाटीत ठेवा, फेकू नका, ते सगळे लागतात. मी उघडलेली मशीनं आयुष्यभर जोडत आलोय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आहे तसं घेऊन या. मी ओरडत नाही. ओरडायला माझा मुलगा आहे, पण मागाहून चहा तोच पाजतो."

आईने ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी बाजूला सरकलो आणि ग्रंथपालबाईंनी वाचलं. बाबांच्या खुर्चीवरचे डबे मी खाली उतरवले आहेत. वीस एप्रिलला तू तिथे बस. भांडी मी घासतो, चहाही मीच करतो.

एक सांगायचं राहिलं. सोळाशे चौतीस फाइली आल्यावर साइट शिवायला आता दीड सेकंद पुरत नाही. घड्याळाकडे बघून मोजलं, अकरा लागतात. लागू देत. मी थांबतो.

तुझा दादा